मानेतली सळई

४ मार्च, मंगळवार

दादा,

तुझी गिटार माझ्या टेबलाखाली आहे. 'प्रिय' लिहावं की 'सप्रेम नमस्कार', यात तीन कागद फुकट गेले, म्हणून आता सरळ मुद्द्याला हात घालते. चौदा वर्षांनी लिहितेय, हे मला कळतं. पोस्टानं पाठवलं तर तू न उघडता टाकून देशील हेही कळतं. म्हणून हे पत्र केसमध्ये, तारांची पाकिटं ठेवायच्या कप्प्यात जाणार आहे. तो कप्पा उघडल्याशिवाय तुला राहवणार नाही.

सकाळी अकराच्या सुमाराला एक बाई केस घेऊन दुकानात आल्या. बुटक्याशा, भरभर बोलणाऱ्या. म्हणाल्या, "तिसऱ्या फ्रेटवर खडखडते. तारा बदला, पुसून-बिसून चांगली करा. विकायची आहे. येत्या नाही, पुढच्या शनिवारी न्यायला येते." पावतीवर आडनाव लिहिताना माझा हात थांबला. आपलंच आडनाव. पत्ता बसनं तीन तासांवरचा. मग केस उघडली आणि सातव्या फ्रेटवर बाबांनी बसवलेलं शर्टाचं बटण दिसलं. मूळचा ठिपका निखळून हरवला तेव्हा तू दोन दिवस रुसून बसला होतास, आणि बटण चिकटवताना बाबा म्हणाले होते, "आता हिला थंडी वाजायची नाही." आठवतं?

बाबा समोरच बसले होते, एका गिऱ्हाइकाच्या गिटारला तारा चढवत. अजूनही रोज येतात. हात थरथरतो, म्हणून कानस आणि सोल्डरिंग मी करते, तारा तेवढ्या त्यांच्याकडे. खुंटीला तीनच वेढे, चौथा पडला तर उतरवून पुन्हा. मी केस झटकन बंद केली आणि पायानं टेबलाखाली ढकलली. का, ते विचारू नकोस. पुढे कधीतरी सांगेन.

दुपारी एक ते चार बाबा घरी जेवून पडतात. तेव्हा दार लोटून घेतलं आणि तारा उतरवल्या. जुन्या तारा बघितल्याशिवाय मी फेकत नाही, ही खोड तुझीच. ज्या जागी बोट रोज दाबतं तिथे तारेच्या पोटाला फ्रेटच्या धातूच्या पट्टीची खाच पडते, नखाला लागते. सहाही तारांवरून नख फिरवलं. पहिल्या, दुसऱ्या, फार तर तिसऱ्या फ्रेटवर खाचा. त्याच्या वर काही नाही, कोऱ्या तारा. म्हणजे तू सगळं खालीच, दोन बोटांनी भागवतोस.

दादा, तुझी करंगळी कुठे गेली? ज्या करंगळीवर बाबा फिदा होते ती? फ्रेट बघितले तर वरचेही झिजलेले आहेत. पूर्वी वाजवायचास तसा वाजवतच होतास तू. आणि गेल्या वर्षभरातल्या तारा काही वेगळंच सांगतात.

माझं चित्त थाऱ्यावर नाही. आत्तापर्यंत चार वेळा उठून दार नीट लोटलंय का बघून आले.

६ मार्च, गुरुवार

काल लिहिलं नाही. काल सगळंच चुकत होतं. लग्नात वाजवणारा एक ऑर्केस्ट्रावाला आपली इलेक्ट्रिक गिटार घेऊन आला, मध्येच आवाज जातो, खरखरतो. मी जॅक खोलला, नवा बसवला, टाके घालताना बोट भाजून घेतलं, पुन्हा लावून बघितलं तर खरखर तशीच. तेव्हा बाबा आपल्या जागेवरून म्हणाले, "त्याची वायर बदलून बघितलीस का?" वायर बदलली. आवाज स्वच्छ. रोज येणाऱ्या प्रत्येकाला आपण सांगतो, आधी वायर बघा, आणि मीच ती बघितली नव्हती. बाबांनी फक्त चष्म्यावरून बघितलं. त्यांचं ते बघणं तुला माहीत आहे.

ऑर्केस्ट्रावाल्यामागून शाळेतल्या एक बाई आल्या. नायलॉनच्या तारांच्या गिटारला त्यांनी लोखंडी तारा चढवल्या होत्या, 'जरा मजबूत असाव्यात म्हणून'. ओढीनं तारा अडकवायचा ब्रिज उपटून पुढे आलेला, पोट फुगलेलं. त्यांना समजावताना बाबा म्हणाले, "वाद्य सांभाळायला अक्कल लागते. असाच एक होता आमच्याकडे." चौदा वर्षांत तुझा विषय एवढाच निघतो, तोही असाच. आणि प्रत्येक वेळी मी खाली मान घालून काहीतरी घासत बसते.

असो. आज दुपारी बाबा घरी गेल्यावर मी पावतीवरच्या नंबरला फोन केला. तारा जाड हव्यात की बारीक, हे विचारायला. समोरून आलं, "ताई, तुम्ही तारांसाठी फोन केलेला नाही."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तुमचं नाक बघूनच मला कळलं होतं. इथून तिथवर वीस दुकानं लागतात. मी काय वेडी म्हणून तीन तास बसमध्ये केस मांडीवर घेऊन बसले?"

मला वहिनी आवडल्या, दादा. तुला आवडल्या नसत्या तरी मला आवडल्या असत्या.

तुला माहीत नाही त्या इथे आल्यात ते. तेव्हा त्यांच्यावर डोक्यात राख घालून घेऊ नकोस, माझ्यावर घाल. त्यांनी सगळं सांगितलं. डाव्या कोपरातली नस दबली, करंगळी आणि शेजारचं बोट बधिर झालं, चार महिन्यांपूर्वी ऑपरेशन. सुधारेल, पण वर्ष लागेल, आणि किती सुधारेल ते डॉक्टरही छातीठोक सांगत नाहीत. "चार दिवसांआड गिटार काढतात," वहिनी म्हणाल्या, "दोन बोटांनी खुडबुड करतात, मग मनासारखं होत नाही म्हणून तारा सगळ्या ढिल्या सोडतात आणि दिवसभर घर डोक्यावर घेतात. गेल्या आठवड्यात म्हणाले, विकून टाक, मला डोळ्यांसमोर नको."

मी विचारलं, कशामुळे झालं हे?

"डॉक्टर म्हणाले, कोपर दुमडून वर्षानुवर्षं जोर लावला की होतं असं."

वर्षानुवर्षं जोर. त्यानंतर त्या काय बोलल्या ते मी नीट ऐकलं नाही. फोन ठेवला आणि दुकानातल्या दुकानात फेऱ्या मारत राहिले. चारला बाबांनी आल्या आल्या विचारलं, "पायाला चाकं लागलीत का?"

८ मार्च, शनिवार

आता सांगते. दोन दिवस घशाशी येऊन परत जातंय.

बाबा शिकवायचे ते शब्द मला अजून पाठ आहेत. तारा मानेला पुढे ओढतात, आणि मानेच्या लाकडात लपवलेली सळई तिला मागे धरून ठेवते. दोघींची ओढ सारखी असली तर मान सरळ. आणि सळईच्या टोकाशी जी नट असते, ती फिरवायची फक्त बाबांनी. तू नाही, मी तर नाहीच. "तारांपर्यंत तुमचा हात. सळईला लावायचा नाही." तू ऐकायचास, कारण तुला वाजवायचं होतं. मला दुरुस्ती करायची होती, आणि मला ते फार लागायचं. एकोणीस वर्षांची होते. तू मला 'पक्कड' म्हणायचास, एकदा धरलं की सोडत नाही म्हणून. ते काही कौतुक नव्हतं.

स्टुडिओतल्या तुझ्या चाचणीच्या आदल्या दिवशी बाबांनी ही गिटार लावून ठेवली. तू अंघोळीला गेलास, बाबा कुणाशी तरी फाटकाशी बोलत होते. मी मानेवरून डोळा लावून बघितलं आणि मला वाटलं, अजून केसभर बाक आहे. मला वाटलं, मी काढते, उद्या तू येऊन म्हणशील काय सुंदर लागली होती, तेव्हा मी सांगेन कुणी लावली ते. बाबांची किल्ली त्यांच्या जुडग्यात. खणात एक होती, ती घेतली. बसली, पण सैल. घसरली. मी दाबून धरली आणि पुन्हा फिरवली, नटचे कोपरे खाल्ले गेल्याचं बोटांना कळत होतं, तरी फिरवली. मग आतून टक आवाज आला.

मी सळईच्या तोंडावरचं कव्हर लावलं. तीन स्क्रू घट्ट केले. हात पुसले आणि चहा ठेवायला गेले.

सळई तुटली तरी मान लगेच वाकत नाही, तुला माहीत आहे. सावकाश वाकते. दुसऱ्या दिवशी तू स्टुडिओत पोचेपर्यंत तारा बोटभर वर आल्या होत्या, सूर लागेना, तू घामाघूम झालास आणि त्यांनी तुला दुसऱ्या गाण्यापर्यंतही थांबू दिलं नाही. परत आलास तेव्हा बाबांनी मान बघितली आणि विचारलं, "वाटेत कुठे थांबलास?" तू खरं सांगितलंस. चहाला थांबलो, गिटार गाडीत होती, ऊन होतं. बस्स. दुकानात तेव्हा तीन गिऱ्हाइकं उभी होती. त्यांच्यासमोर बाबा म्हणाले, "ज्याला वाद्य सांभाळता येत नाही त्यानं वाजवायच्या भानगडीत पडू नये."

तू माझ्याकडे बघितलंस. मी हातातल्या सोल्डरिंगकडे बघितलं. तू केस उचललीस आणि गेलास.

मला वाटलं होतं, संध्याकाळी येशील, मग सांगीन. मग वाटलं, आठवड्यानं. मग तू आलाच नाहीस, आणि बाबा मला एक एक काम शिकवायला लागले. जे तुला शिकवायचं होतं ते सगळं मला मिळालं. सळईसुद्धा. पहिल्यांदा त्यांनी ती किल्ली माझ्या हातात दिली तेव्हा मी रडले, आणि त्यांना वाटलं आनंदानं.

आता मला एकच दिसतंय. मोडक्या सळईची गिटार, बोटभर वर आलेल्या तारा, आणि तू चौदा वर्षं त्या दाबतोयस. कोपर दुमडून, जोर लावून.

त्या कव्हरचे तीन स्क्रू अजून मी काढलेले नाहीत. खडखड कशाची आहे, हे बघायचं म्हटलं तर पहिल्यांदा तेच उघडायला हवं. नवीन शिकणाऱ्यालाही मी हेच सांगितलं असतं. चार दिवस झाले, गिटार पुसतेय, खुंट्यांना तेल देतेय, आणि तिथे हात जात नाही.

११ मार्च, मंगळवार

आज उघडलं.

दादा, आत नवी सळई आहे. पितळेची नट, कोपरे शाबूत, कुणीतरी नीट हातानं फिरवलेली. मानेच्या कडेला दिव्याखाली धरलं तर केसासारखी सरसाची रेघ दिसते. वरची पट्टी उचलून, जुनी सळई काढून, नवी घालून, पट्टी पुन्हा बसवलीय. काम सुरेख आहे, मला जळायला होईल इतकं. आणि रेघ चांगली मळलेली आहे, म्हणजे होऊन दहा-बारा वर्षं झाली असतील.

खडखडही या सळईचीच. तू तारा ढिल्या सोडल्यास, ओढ गेली, सळईनं मान मागे खेचली. पाव फेरा सोडला की संपलं. तारा वर आल्या असत्या तर त्या खडखडल्याच नसत्या, हे मला पहिल्या दिवशीच कळायला हवं होतं. भीतीनं माणसाचं डोकं चालत नाही एवढंच.

म्हणजे तुझा हात माझ्यामुळे गेलेला नाही. एक-दोन वर्षं सोसलं असशील, चौदा नाही. हे लक्षात आलं तेव्हा मी चक्क खुर्चीत बसले आणि मोठा श्वास घेतला. आणि लगेच स्वतःची लाज वाटली.

कारण ज्यानं ती सळई बदलली त्यानं जुनी नट तुझ्या हातावर ठेवली असणार. कुठलाही कारागीर ठेवतो. कोपरे खाल्लेली. उन्हानं नटचे कोपरे जात नाहीत. बाबांची किल्ली त्या नटला चपखल बसायची, म्हणजे बाबा नव्हेत. तू नव्हेस. घरात उरलं कोण?

तुला इतकी वर्षं माहीत होतं. एक फोन बाबांना केला असतास तर सगळं खापर फुटायचं तिथे फुटलं असतं. का नाही केलास? मला वाचवलंस म्हणून पाया पडू, की इतकी वर्षं मला एकटीला यात शिजत ठेवलंस म्हणून भांडू? मला दोन्ही करायचंय. तूही काही कमी नाहीस, दादा. रागाला कुलूप घालून बसणं हा आपल्या घराण्याचा धंदा आहे, गिटारी आपण जोडीला दुरुस्त करतो.

हे एवढं लिहून होतंय तोवर बाबा आले. दोनलाच. चष्मा दुकानात विसरला होता. गिटार टेबलावर, कव्हर उघडं, मी कागद-पेन घेऊन बसलेली. त्यांनी चष्मा शोधला, घातला, बटणावर बोट ठेवलं.

"कुणी आणली?"

"वहिनींनी."

"कुणाच्या वहिनी?"

"माझ्या."

ते स्टुलावर बसले. मी सांगितलं. बसून नाही सांगता आलं, उभ्यानं सांगितलं, जे शनिवारी तुला लिहिलंय तेच, त्याच क्रमानं. मध्ये एकदाही त्यांनी थांबवलं नाही. झाल्यावर एवढंच विचारलं, "कुठली किल्ली?"

ती अजून खणातच आहे. दिली. त्यांनी ती हातात फिरवली, डोळ्यांजवळ नेली. "ही मिलिमीटरची. नट इंचाची होती." मग किल्ली टेबलावर ठेवून उठले आणि घरी गेले. चष्मा घालून, छत्री विसरून.

१३ मार्च, गुरुवार

काल दिवसभर बाबा आले नाहीत. घरी जेवायला दोघं समोरासमोर, आणि भांड्यांचाच काय तो आवाज. मी दोनदा तोंड उघडलं. त्यांनी दोनदा पाणी मागितलं.

दुकानात मी तीन गिऱ्हाइकांना उद्या या म्हणून परत पाठवलं. मला कशालाच हात लावावासा वाटेना. रस्त्यावर कुणी खोकलं तरी बाबा आले असं वाटून उठत होते.

आज सकाळी माझ्या आधी येऊन बसले होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "तीन स्क्रू. कव्हर उघडून बघायला मला दोन मिनिटं लागली असती. मी लावलेली गिटार बिघडेल कशी, म्हणून उघडलं नाही."

मी म्हटलं, "बाबा, चूक माझी होती."

"तुझी होतीच. तुझी तू लिही त्याला. मी माझी बोलतोय." मग म्हणाले, "हाताचं काय झालंय, सांग."

मी तारा आणून दाखवल्या. त्यांनी एकेका तारेवरून नख फिरवलं, थरथरत्या हातानं, खूप वेळ. पाचव्या तारेपाशी थांबले आणि तोंड फिरवून रस्त्याकडे बघत बसले. चौदा वर्षांत बाबांना मी रडताना बघितलेलं नाही, आजही बघितलं असं म्हणणार नाही.

"विकायला कशी करायची ते मला माहीत नाही," शेवटी म्हणाले. "त्याला वाजवायला करू."

मग त्यांनी चिकटपट्टी मागितली. डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट एकत्र गुंडाळून तळव्याला चिकटवलं, आणि उरलेल्या दोन बोटांनी तारा दाबून बघायला लागले. "अजून खाली घे. हा जोर त्याच्याकडे नाही." मी उतरवायची, ते दाबायचे. सर्वांत बारीक तारा. सूर अर्धी पट्टी खाली. खुंट्यांजवळच्या हाडाच्या पट्टीतल्या खाचा कानशीनं खोल, ब्रिजवरचं हाड काचेवर घासून कमी, फ्रेट एका पातळीत आणले. "अजून." मी म्हटलं, याच्या खाली घेतलं तर खडखडेल. म्हणाले, "जोरात वाजवणाऱ्याला खडखडेल. त्याला जोरात वाजवता येतंय का? अजून घे."

दुपारी जेवायलाही गेले नाहीत. वेळेवर लक्ष असतं तर त्यांना जेवायला पाठवलं असतं, पण माझंही नव्हतं.

१५ मार्च, शनिवार

वहिनी अकराच्या बसनं उतरतील. घाईत लिहितेय.

गिटार तयार आहे. मी नेहमीसारखा हात मारून बघितला तर सगळ्या तारा एकदम खडखडल्या, कुणी ऐकलं असतं तर म्हणालं असतं, हे काय दुरुस्त केलंय. मग दोन बोटं, हलका हात. सहाच्या सहा तारा स्वच्छ. लोण्यासारखी दबते.

तेव्हा तुला आधीच सांगून ठेवते. तुला विकायची असेल तर ती तुझी आहे, वीक. पण कुठल्याही दुकानात ने, घेणारा उचलून पहिला हात जोरातच मारणार आणि नाक मुरडून खाली ठेवणार. ही आता दुसऱ्या कुणाच्या उपयोगाची नाही. विकण्याजोगी करून द्या म्हणून वहिनींनी आणली होती, आणि आम्ही दोघांनी मिळून ती विकली जाणार नाही अशी केलीय. त्यांना मी तसं तोंडावर सांगणार आहे. रागावतील असं वाटत नाही.

माफी मागायची राहिली. सगळ्या पानांत मिळून मी ती एकदाही मागितलेली नाही, आत्ता चाळून बघितलं. दादा, मला माफ कर. त्या दिवशी तू माझ्याकडे बघितलंस तेव्हा मी बोलायला हवं होतं.

बाबांना म्हटलं, तुम्ही चार ओळी लिहा. म्हणाले, हात थरथरतो. मी म्हटलं, सांगा, मी लिहिते. बराच वेळ खुंटीवरचे वेढे मोजत बसले. मग सांगितलं ते असं:

"लिही, सहा-आठ महिन्यांनी बोटांत जोर आला की तारा वर घ्याव्या लागतील. ते काम दुसऱ्या कुणाकडे द्यायचं नाही. बायकोबरोबर पाठवायची नाही. स्वतः घेऊन यायची. आणि जोर नाही आला, तरी घेऊन यायची, अजून खाली घेता येईल."

मी विचारलं, आणखी काही? त्या दिवसाबद्दल? म्हणाले, "ते तो आल्यावर. त्याच्या तोंडावर. तेव्हाही गिऱ्हाइकं उभी असली तरी चालतील."

तसंच्या तसं लिहिलंय. वहिनी रस्ता ओलांडतायत, बाबा त्यांना घ्यायला पायरी उतरून खाली गेलेत, आणि चप्पल घालायची राहिलीय.

पक्कड